डिस्प्ले अजून आला नाही

मुळशीतल्या माणसाजवळ पावसाचं कौतुक करू नये. तो इथे चार महिने घरजावयासारखा ठाण मांडून बसतो, आणि घरजावयाकडे मान वर करून कोण बघतं? त्यामुळे श्रावणातल्या त्या सोमवारी संध्याकाळी चांदे गावात धो धो कोसळायला लागला, तेव्हा वृषालीनंही बघितलं नाही. ती एका फोनच्या चार्जिंगच्या भोकातला कचरा टाचणीनं काढत होती. मान वर केली ती दुकानाच्या पत्र्याखाली कुणीतरी शिंकलं म्हणून. मग आणखी एकदा. मग सलग चार वेळा.

“आत या,” ती म्हणाली. “पत्रा गळतो. आणि बरोब्बर तुम्ही उभे आहात तिथंच गळतो.”

“नको, नको... पाऊस थांबला की निघतोच.”

“ऑक्टोबरात थांबतो.”

तो हसला आणि आत आला. उंच, सडपातळ, चष्म्याच्या काचांवर वाफ. शर्ट पिळून काढावा इतका ओला. पण खिशातली वस्तू मात्र दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, वर रबर लावून, त्यावर पुन्हा तळहात ठेवून जपलेली. चष्मा पुसून त्यानं इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. त्याचे हात सवयीनं जुळले. मग त्यानं काउंटरवरची पाटी वाचली. ‘वृषाली मोबाईल अँड कॉम्प्युटर. तुमच्या फोनमधलं तुमचंच.’ ती वाचून तो पुन्हा हसायला लागला.

“काय झालं?”

“तीन दुकानं फिरलो, तिन्हीकडे नकार घेऊन परत चाललो होतो. आणि पावसानं आणून उभं कुठे केलं, तर चौथ्या दुकानात!”

कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत वृषालीचे वडील, आबा, पेपर वाचत बसले होते. भाताची लावणी उरकली की त्यांच्या संध्याकाळी याच खुर्चीत जायच्या. पेपर खाली करून त्यांनी पाहुण्याला निरखलं.

“जय भीम. कुठलं गाव म्हनायचं?”

“जय भीम, काका. मी सिद्धांत. गाव मंगरूळपीरजवळ, वाशिम जिल्हा. इथं जांब्यात रूम आहे, हिंजवडीत नोकरी.”

“लई लांबचं हाय की!”

“हाव.” मग घाईघाईनं, “म्हणजे... हो.”

ते ‘हाव’ वृषालीला आवडलं. का आवडलं ते तिला विचारलं असतं, तर तिनं टाचणी दाखवली असती.

पिशव्यांतून फोन बाहेर निघाला. काचेवर चरासुद्धा नाही, पण पडदा काळा ठिक्कर. झालं होतं असं, की सिद्धांतनं स्वयंपाक करताना तिखटाच्या डब्याला टेकून फोन उभा ठेवला होता. कुकरची शिट्टी झाली, डबा हलला आणि फोन ओट्यावरून थेट फरशीवर गेला.

“आतून चालू आहे हो,” तो काकुळतीनं म्हणाला. “वाजतो, थरथरतो. नुसतं दिसत काही नाही. सगळे म्हणतात डिस्प्ले बदलू, पण आतलं राहील याची खात्री नाही.”

“एवढं आहे तरी काय आत?” वृषालीनं विचारलं आणि लगेच जीभ चावली. “राहू दे. सांगू नका. आमच्याकडे विचारायची पद्धत नाही.”

“सांगतो की. एकशे बारा भाज्या आहेत.”

वृषालीनं टाचणी खाली ठेवली.

“आईला लिहायचा कंटाळा. मी तीन वर्षांपूर्वी इकडे आलो, तेव्हापासून ती एकेक भाजी बोलून पाठवते. शेवभाजी, रोडगे, मुगवड्या. आणि मधेमधे गावातलं सगळं. कुणाचं लग्न जमलं, कुणाची म्हैस व्याली...”

“मग पुन्हा विचारा त्यांना.”

“विचारलं. म्हणते, एकदा सांगितलेलं मी पुन्हा सांगत नसते.”

आबा खुर्चीत हसले. “आनि हिंजवडीत काम काय करता?”

“टेस्टिंग. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढायच्या.”

“त्याचा पगार देत्यात?” आबांनी मनापासून चौकशी केली. “आमच्या घरात ही फुकट काढती.”

वृषालीनं बापाकडे एक डोळा वटारून पाहिलं आणि फोन हातात घेतला. चुका काढणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये कॉम्प्युटरला आत येऊ देणारी सेटिंग बहुधा चालू असते, आणि केबल लावून पाहिली तर ती खरंच चालू होती. ऑफिसातल्या कुणीतरी मागे कधीतरी करून दिली होती. म्हणजे अर्धं काम झालं होतं. उरलेलं अर्धं मात्र अवघड होतं.

“हे बघा, केबलनं जोडला की तुमच्या फोनचा पडदा माझ्या कॉम्प्युटरवर मोठा दिसेल,” ती समजावायला लागली. “आतलं सगळं काढून घेता येईल. पण त्याआधी फोन विचारतो, या कॉम्प्युटरला आत येऊ देऊ का? आणि ‘परवानगी द्या’ हे बटण असतं फोनच्याच पडद्यावर.”

“जो दिसत नाही.”

“जो दिसत नाही. म्हणून तर तीन ठिकाणी नाही म्हणाले.”

तिनं खणातून एक फाईल काढली. आत बटर पेपरच्या तुकड्यांचा गठ्ठा होता. प्रत्येक तुकडा एकेका फोनच्या मापाचा, आणि त्यावर पेननं चौकटी आखलेल्या. हे तिचं स्वतःचं डोकं होतं. चांगला चालणारा फोन हाताशी आला की ती त्यावर बटर पेपर ठेवून कुठलं बटण कुठे आहे ते गिरवून घ्यायची. आंधळ्या फोनसाठी तो नकाशा. तिनं सिद्धांतच्या फोनचा तुकडा शोधला, काळ्या काचेवर बेतानं बसवला आणि फोन त्याच्याकडे सरकवला.

“लाल चौकट आहे ना, ती दाबा.”

“तुम्हीच दाबा ना. माझं बोट चुकेल.”

“परवानगीचं बटण मी दाबत नाही. फोन ज्याचा, बोट त्याचं.”

त्यानं आधी अंगठा टेकवून कुलूप उघडलं. मग लाल चौकटीवर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. पुन्हा ठेवलं. काहीच नाही.

“जरा डावीकडे... नाही, इतकं नाही...” तिनं कागद तांदळाच्या दाण्याएवढा सरकवला. तिचं बोट त्याच्या नखाला लागलं. दोघांनीही बोटं काढली नाहीत, कारण काम चालू होतं. निदान त्या दिवशी दोघांनी स्वतःला तसंच सांगितलं.

फोन थरथरला, आणि कॉम्प्युटरवर एक बाई उमटल्या. चुलीपुढे बसलेल्या, हातात उलथणं, आणि चेहरा असा की ते आता फेकून मारतील.

“ही आई,” सिद्धांत म्हणाला. “फोटो काढू नको म्हणत होती, तेव्हा काढलेला.”

एकशे बारा भाज्या कॉम्प्युटरवर उतरल्या. सगळं नीट आलंय का हे बघायला त्यानं एक वाजवून पाहिली आणि आईचा, सुलक्षणाबाईंचा आवाज दुकानभर घुमला. “सिद्ध्या, बेसन पातळ नको करू बापा. मांगच्या खेपेले तू त्याचं वरन करून ठेवलं होतं...” आबांनी पेपर बाजूला ठेवून अख्खं बेसन ऐकून घेतलं.

“बाई झ्याक सांगत्यात,” ते म्हणाले.

“डिस्प्ले मागवते,” वृषाली म्हणाली. “यायला चार दिवस लागतील.”

“आणि तोवर मेसेज कसे बघू?”

“इथं येऊन बघा.”

आता बघा, एवढंच वाक्य. धंद्यातलं, साधं. पण त्या वाक्यानं पुढे काय काय घडवून आणलं!

सिद्धांत रोज संध्याकाळी येऊ लागला. फोन तो बरोबर न्यायचा, कारण सकाळचा गजर तेवढा वाजायचा, आणि सात वाजता परत आणायचा. केबल लावली की दिवसभराचे मेसेज कॉम्प्युटरवर. तो वाचत असताना वृषाली आपलं स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायची. दुसऱ्याच्या फोनकडे बघायचं नाही म्हणजे नाही. भिंतीवर कॅलेंडर होतं. चार दिवसांत त्या पानावरचे सण, तिथ्या आणि मागच्या बाजूचं मूळव्याधीवरचं औषधसुद्धा तिला पाठ झालं.

“बघितलंत तरी चालेल,” तो म्हणायचा.

“तुम्हाला चालेल. पाटीला नाही चालणार.”

“पाटी तुम्हीच लिहिलीत ना?”

“म्हणूनच.”

एकदा तिनं त्याला आपल्या कॉम्प्युटरची एक गंमत दाखवली. तिचा स्वतःचा फोनही त्याच कॉम्प्युटरला कायमचा जोडलेला असायचा. फोनवर काही कॉपी केलं की ते कॉम्प्युटरवर पेस्ट करता यायचं. गिऱ्हाइकं फॉर्मसाठी नाव-पत्ते फोनवर पाठवायची, ते पुन्हा टाइप करत बसायला नको. “फक्त एक ध्यानात ठेवायचं,” ती म्हणाली, “शेवटी जे कॉपी केलं असेल, तेच उमटतं. कुणी का केलेलं असेना.”

“म्हणजे माणसं दोन, पण खिसा एकच,” तो म्हणाला.

ती हसली. आणि मग घरी जाऊन, भाकरी थापताना, पुन्हा एकदा हसली.

गुरुवारी त्यानं डबा आणला. मुगवड्यांची भाजी, आईच्या सत्तेचाळिसाव्या मेसेजप्रमाणे. “आज चुका तुम्ही काढा,” म्हणाला. तिनं घास घेतला, डोळे मिटले, बराच वेळ गंभीर चेहरा करून चावत राहिली. त्याचा जीव टांगणीला लागला.

“मीठ कमी आहे.”

“बाकी?”

“बाकी काही नाही.” मग डबा स्वतःकडे ओढत, “उद्या याच्यात मीठ घालून आणा.”

आणि शुक्रवारी डिस्प्ले आला.

दुपारी ती वरच्या खोलीतून जेवून खाली आली, तर काउंटरवर कुरिअरचा चपटा खोका. तिनं फोडला. पडदा छान होता, कुठे ओरखडा नाही. बसवायला अर्धा तास. संध्याकाळी तो आला की बसवून द्यायचा, तो थँक्यू म्हणेल, जाईल. जांब्यात मोबाईलची दुकानं पाच आहेत. पुन्हा चांद्याला यायचं त्याला कारण काय?

तिनं खोका बंद केला आणि सगळ्यात खालच्या खणात, बटर पेपरच्या फायलीखाली सारला.

सात वाजता तो आला. आबा खुर्चीत होतेच. पेपरातून डोकं न काढता त्यांनी विचारलं, “काय गं, आला का डिस्प्ले?”

“नाही,” वृषाली म्हणाली. “अजून आला नाही.”

चार वर्षं दुकान चालवत होती ती. कुणाला जुना पार्ट नवा म्हणून लावला नाही, झालेलं काम झालं नाही म्हणून सांगितलं नाही. पहिलं खोटं बोलली ते हे. आणि वाईट याचं वाटलं की तिला पुरेसं वाईट वाटलं नाही.

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी तो भिजत आला, मंगळवारी शिंकत आला. बुधवारी पाऊस जरा उघडला, तेव्हा दोघं चहाचे कप घेऊन दारात उभी राहिली. समोर रस्त्यापलीकडे आबांचं भाताचं खाचर होतं, हिरवंगार, वाऱ्यानं एका अंगावर वळणारं. त्याला तिनं सांगितलं की हा इंद्रायणी, याचा वास शिजायच्या आधी येतो. त्यानं मान डोलावली, पण तो भाताकडे बघत नव्हता. तिला ते कळलं. तिनं ओढणी सारखी केली, जी मुळात सारखीच होती.

रोज आबांचा एकच प्रश्न आणि तिचं एकच उत्तर.

“आला का डिस्प्ले?”

“नाही.”

“लई लांबून येत असंल,” आबा म्हणायचे आणि पान उलटायचे.

मग दुसरा गुरुवार उजाडला. त्या संध्याकाळी तो मेसेज बघत बसला होता, ती कॅलेंडर वाचत होती. त्यानं आईचा नवा मेसेज लावला, आणि भाजीऐवजी भलतंच सुरू झालं. “सिद्ध्या, रविवारी पाव्हनी येऊन रायली बरं. कारंज्याची पोट्टी हाय, बी.एड. झाली. फोटू पाठवला तो पाहून घे. शनिवारच्या गाडीत बस, बहाने नको सांगू. दाढी करून ये...”

त्यानं खटकन आवाज बंद केला.

“आई ना... असंच असतं तिचं,” तो म्हणाला.

“जायलाच पाहिजे,” वृषाली भिंतीला म्हणाली. “आईनं बोलावलंय तर.”

“हं.”

“दाढी करून जा.”

तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. तिनं वळून बघावं असं त्याला वाटलं. पण ती पाटीला बांधलेली, आणि तो आपला... कशाला बांधला होता कोण जाणे. केबल काढून, फोन खिशात घालून, तो नेहमीपेक्षा लवकर गेला.

त्या दिवशी वृषालीनं मनाशी ठरवलं. शनिवारी तो गावी जाणार, तिकडे मुलगी बघणार. त्याआधी खरं सांगून टाकायचं. मग तो रागावला तर रागावला, गेला तर गेला. पण खणातल्या खोक्यासकट त्याला जाऊ द्यायचं नाही. तोंडानं बोलणं जमणार नव्हतं, म्हणून तिनं फोनमध्ये लिहून ठेवलं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी जे उरलं ते थोडंच होतं.

शुक्रवारी सात वाजता सिद्धांत आला. दाढी केलेली होती.

आबा आज शेतावर बांध बघायला गेले होते. दुकानात ही दोघंच. त्यानं फोन जोडला, ती भिंतीकडे वळली आणि मांडीवर आपला फोन उघडला. मजा बघा, तिनं त्याला मेसेज पाठवला तरी तो त्याला वाचता येणार तिच्याच कॉम्प्युटरवर, तिच्या पाठीमागे दोन हातांवर. तिनं लिहिलेलं सगळं निवडलं. कॉपी केलं. आता त्याच्या नावापुढे पेस्ट करायचं आणि पाठवायचं. बोट पडद्यावर गेलं... आणि तिथंच राहिलं. इतक्या लोकांच्या फोनमधलं इकडचं तिकडे केलेली मुलगी ती, पण आज चार ओळी हलेनात.

तिकडे सिद्धांत आईला गाडीची वेळ कळवत होता. तिकिटाच्या मेसेजमधून त्यानं गाडीचं नाव, वेळ, सगळं मघाशी कॉपी केलं होतं. मग आईचं पान उघडलं. मधेच, उगाच, बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यानं तिच्या पाठीकडे बघत विचारलं, “आबांचा भात कुठवर आला?”

“पोटरीत यायला, लोंब्या धरायला वेळ आहे अजून,” ती म्हणाली.

तिच्याकडे बघता बघताच त्यानं पेस्ट केलं, आणि सवयीनं पाठवूनही टाकलं.

मग त्याची नजर पडद्यावर गेली.

“हे... हे मी नाही लिहिलं,” सिद्धांत हळूच म्हणाला.

चार वर्षांत पहिल्यांदा वृषालीनं स्टूल फिरवलं आणि गिऱ्हाइकाच्या मेसेजकडे पाहिलं. एकवीस इंची पडद्यावर, त्याच उलथणं धरलेल्या सुलक्षणाबाईंच्या नावाखाली, ठळक अक्षरांत तिचेच शब्द उभे होते —

‘डिस्प्ले मागच्या शुक्रवारीच आलाय. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही फोन घेऊन गेला असतात, मग परत कशाला आला असतात? मला तुम्ही रोज यायला हवे आहात. फोन बरा झाल्यावरसुद्धा.’

“अगं बाई!” ती ताडकन उठली. “पुसा! पुसा ते आधी!”

त्यानं माऊस हातात धरला. तेवढ्यात शेजारच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या. सुलक्षणाबाईंनी वाचलं होतं.

आणि खाली अक्षरं उमटली. आई रेकॉर्ड करत आहे...

दोघंही त्या अक्षरांकडे बघत उभी राहिली. ती जाता जाईनात. बाई बोलत होत्या, बोलतच होत्या.

वृषाली खाली वाकली. सगळ्यात खालचा खण ओढला, फायलीखालचा खोका काढला आणि काउंटरवर ठेवला. तिचे कान लाल झाले होते, पण हनुवटी वर होती.

“हा तुमचा डिस्प्ले. खोटं बोलले मी. आठवडा झाला. तुम्ही तीन दुकानं फिरून, विश्वासानं इथं आलात आणि मी... हवं तर आत्ता बसवून देते. अर्धा तास लागेल.”

सिद्धांतनं पाकीट काढलं, त्याच्या आतल्या कप्प्यातून चौपदरी घडी केलेला एक कागद काढला आणि उलगडून खोक्याशेजारी ठेवला. बटर पेपर होता. त्यावर पेननं चौकटी आखलेल्या, वाकड्यातिकड्या, एक तर चक्क भलतीकडेच. मधोमध एक लाल चौकट.

“हे काय?”

“तुमची नक्कल,” तो म्हणाला. “पहिल्या मंगळवारीच केली. जांब्यातून बटर पेपर आणला. रूममेटचा फोन माझ्यासारखाच आहे, त्याच्यावरून गिरवलं. लॅपटॉपला लगेच जोडला गेला.”

“पहिल्या मंगळवारी?” वृषालीचे डोळे विस्फारले. “म्हणजे गेले दहा दिवस तुम्हाला रूमवर सगळं दिसतंय?”

“हो.”

“मग इथं रोज भिजत यायचं काय नडलं होतं?”

“आबांचा भात बघायला.”

तिनं फक्त भुवई उचलली.

“नाही... म्हणजे...” त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि मग त्याची पुण्यात शिकलेली सगळी भाषा एकदम पळून गेली. “तुमच्याशी बोलल्याबिगर मले दिवस संपल्यासारखा वाटतच नाही. काय करू मी?”

वृषालीला एकाच वेळी हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं.

“आणि उद्याची गाडी?” तिनं विचारलं. “दाढीसुद्धा केलीत.”

“दाढी इथं यायची म्हणून केली. आईला नाही म्हणायचं तर कारण लागतं. कारण होतं माझ्याकडे. पण त्या कारणाला अजून विचारलंच नव्हतं.”

टिंग! सुलक्षणाबाईंचं बोलणं संपून मेसेज आला होता. सिद्धांतनं वृषालीकडे पाहिलं, वृषालीनं मान हलवली, आणि त्यानं तो लावला.

“काऊन रे सिद्ध्या, हे कोनं लिवलं? तू त मले जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हटलं नाही! आन् डिस्प्ले म्हन्जे काय असते? ... थांब. पोट्टी हाय काय कोनी? मोबाईलवाली? तूच सांगत होता ना, मोबाईलवाल्या ताईनं भाज्या वाचवल्या म्हून? ... अरे, तरीच म्हटलं मी, हा पोट्टा मीठ किती टाकू म्हून रोज काऊन इचारते! ... हे पाय, खरं बोलनारी दिसते. एवढं कोनी लिवून देत नाही. पन कारंज्याच्या पाव्हन्याइले मी काय सांगू आता? या म्हनू का नका येऊ म्हनू? लवकर सांग बापा, तव्यावर माही भाकर करपून रायली!”

मेसेज संपला. बाहेर पाऊस तसाच होता. तिकडे मंगरूळपीरजवळच्या एका चुलीवर एक भाकरी करपत होती, आणि तिचं काय होणार ते चांद्यातल्या या दुकानावर ठरणार होतं.

सिद्धांतनं काउंटरवरचं पेन उचललं. आपल्या बटर पेपरच्या कोऱ्या कोपऱ्यात त्यानं दोन चौकटी आखल्या. एकीत लिहिलं, ‘परवानगी द्या’. दुसरीत, ‘नको’. कागद वळवून त्यानं तिच्यापुढे सरकवला.

“हे मी नाही दाबणार,” तो म्हणाला. “बोट तुमचं लागेल.”

वृषालीनं कागदाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“चौकट वाकडी आहे,” ती म्हणाली.

“चुका नंतर काढा... प्लीज. भाकर करपतेय.”

तिनं बोट उचललं आणि ‘परवानगी द्या’वर ठेवलं. अगदी मधोमध, दाबून. आणि काढलंच नाही. त्यानं आपलं बोट हळूच तिच्या नखाला टेकवलं. या वेळी काम वगैरे काही चालू नव्हतं, आणि दोघांनाही ते पक्कं माहीत होतं.

मग त्यानं माईकचं बटण दाबून आईला सांगितलं, “आई, नका येऊ म्हण त्याइले. मी येतो उद्या, सगळं सांगतो. आन् भाकर उतरव.”

तेवढ्यात दारात छत्री मिटल्याचा आवाज आला. पायांचा चिखल पोत्याला पुसत आबा आत आले. दोघांनी बोटं खाली घेतली. पण खोका काउंटरवरच होता, अगदी उजेडात, झाकण उघडं.

आबा आपल्या खुर्चीत बसले. पेपर उघडला. आणि रोजच्यासारखंच, डोकं न काढता विचारलं, “काय गं, आला का डिस्प्ले?”

“नाही!” दोघं एकदम म्हणाली.

आबांनी सावकाश पेपर खाली केला. खोक्याकडे पाहिलं. पोरीच्या लाल कानांकडे पाहिलं. मग पाहुण्याच्या दाढी केलेल्या गालांकडे.

“मागल्या शुक्करवारी तू वर जेवत होतीस,” ते म्हणाले. “कुरिअरवाल्याला सही कुनी दिली मग? म्याच ना!”

वृषालीचं तोंड उघडंच राहिलं. “आबा! तुम्हाला माहीत होतं? मग रोज विचारत का होता?”

“रोज बघत हुतो,” आबांनी पेपर पुन्हा वर केला, “तू अजून न्हाई म्हनतीस का ते. आता तेवढा डिस्प्ले बशीव त्याचा. आनि पावनं, जेवूनच जावा. मीठ आमच्यात बरोबर असतंय.”